भांगाच्या दिवशी पालकसभा

अन्याय झाला तो दांडी गावच्या तेजलवर आणि बोईसरच्या सूरजवर. कधी झाला तेही सांगते. आमची बारावी सुरू झाली त्या जूनमधल्या पहिल्या सोमवारी, सकाळी, पहिल्या तासाची हजेरी चालू असताना. शिपाई वर्गात आला, या दोघांची आणि आणखी काही जणांची नावं घेतली, आणि दप्तर घेऊन खाली ऑफिसात यायला सांगितलं. दप्तर घेऊन. कोणाला बोलावून परत पाठवायचं असेल तर दप्तर कशाला लागतं?

यावर मी पत्रकं लिहिली आहेत, वाटली आहेत, पालघरला कलेक्टर ऑफिसच्या बाहेर घसा बसेपर्यंत वाचून दाखवली आहेत. पण पत्रकात मागण्या मावतात, माणूस मावत नाही. त्यातून माणूस घाबरट असला तर नाहीच. पत्रकाला छाती पुढे काढलेली माणसं लागतात, आणि आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमइतकं घाबरट माणूस मी आजवर पाहिलेलं नाही.

मॅडम माकुणसारच्या. घरची वाडी होती, वडील पानवेली लावायचे. त्या बोईसरला भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या आणि आमच्या कॉलेजात तासावर शिकवायच्या. म्हणजे कायम नोकरी नाही, जितके तास घेतले तितकंच, आणि दर जूनमध्ये बोलावलं तरच यायचं. जिन्यात वरून प्राचार्य उतरताना दिसले की मॅडम मधल्या मजल्यावरच्या नळाशी थांबून हात धुवायला लागत. प्राचार्य दिवसातून बऱ्याचदा जिना उतरत. मॅडमचे हात फार स्वच्छ असायचे.

त्यांच्या पर्समध्ये गोंदाची कांडी, कात्री, शाईचं पॅड, निळी पेनं, काळी पेनं आणि प्रत्येक पेन चालतं का ते बघायला घडी घातलेला कोरा कागद असे. रिक्षात बसल्यावर त्या पर्स उघडून सगळं आहे ना ते बघत. उतरताना पुन्हा बघत. मधल्या पाच-दहा मिनिटांत कोण नेणार होतं देव जाणे.

आणि एक प्रश्न. तो त्या कोणालाही, कुठेही विचारत. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, पुढे काय करणार? पहिली रांग एका सुरात डॉक्टर झाली. मॅडम म्हणाल्या, बरं, आणि ते नाही झालं तर? कोणी म्हणालं डेंटिस्ट. आणि ते नाही झालं तर? तिसऱ्या वेळेला एक मुलगी रडायला लागली. मॅडमनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि ती थांबल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला.

सूरजचे वडील बनारसकडचे, बोईसरच्या केमिकल कंपनीत कंत्राटावर. सूरज मराठी आमच्यासारखीच बोलायचा, पण मॅडम त्याच्याशी आवर्जून हिंदीत बोलत आणि ती हिंदी ऐकण्यासाठी आम्ही कान टवकारून बसायचो. तो म्हणाला फार्मसी. मॅडम म्हणाल्या, "और वो नहीं हुआ तो क्या करेगा तुम?" तो म्हणाला लॅब टेक्निशियन. "और वो भी नहीं हुआ तो?" सूरज म्हणाला, "मॅडम, तोपर्यंत मी म्हातारा होईन ना." वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. त्या म्हणाल्या, म्हातारा व्हायच्या आधी तिसरं उत्तर घेऊन ये. आणि तो खरंच आठवड्याने तिसरं उत्तर घेऊन आला, बीएस्सी.

मग तेजल उभी राहिली. तेजल आणि मी एकाच बाकावर. तिच्या घरची होडी, बाबा आणि काका समुद्रावर, आई बोंबील वाळवून बोईसरच्या बाजारात विकणारी. ती म्हणाली, "रत्नागिरीला मासळीचा कॉलेज हाय ना, तिथं जानार."

मागून कोणीतरी बोललं, मासळी शिकायला कॉलेज कशाला, घरात शीक की. तेजल मागे वळली नाही. म्हणाली, "बाबा मासळी पकडतो. ती कमी का झाली ते त्याला कोन सांगनार, तू?"

मॅडमनी विचारलं, आणि नाही झालं तर?

"नाय झालं तर परत करीन."

मॅडमनी तिला पुन्हा विचारलं नाही, पुढच्या बाकावरच्याला उभं केलं.

आमच्याकडे अणुकेंद्राच्या आसपासच्या गावांत आपत्कालीन सराव होतो, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. भोंगा वाजतो, लोकांनी घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, सांगितलं की गाडीत बसायचं. लहानपणापासून सवय असते. म्हाताऱ्या बायका त्या दिवशी स्वयंपाक लवकर उरकून घेतात. मॅडमना हे फार आवडायचं. जे कदाचित कधीच होणार नाही त्याचा तुम्ही सराव करता, त्या म्हणायच्या, आणि जे दर जुलैमध्ये ठरून होतं त्याचा कोणीच करत नाही.

म्हणून आम्ही प्रवेशाचा सराव करायचो. शनिवारी तास संपले की प्रयोगशाळेच्या सामानाच्या खिडकीमागे मॅडम बसत, नाकावर कोणाचा तरी जुना चष्मा, आणि आम्ही बाहेर रांग लावायची. खिडकीच्या त्या बाजूला बसल्यावर मॅडम वेगळ्याच व्हायच्या. शेंगदाणे खात खात, वर न बघता म्हणायच्या, सर्व्हर डाऊन आहे. झेरॉक्स चालणार नाही, ओरिजिनल आणा. ओरिजिनल दाखवलं की, आम्ही ओरिजिनल घेत नाही, झेरॉक्स आणा. फोटो मागच्या महिन्यातला दिसत नाही. जातीचा दाखला ठीक आहे, पडताळणी कुठाय? जेवणाची सुट्टी झाली. मग त्या खरंच खिडकी लावून घेत आणि आत डबा खात. नियम एकच, जो रांग सोडेल तो नापास.

मी पहिल्याच फेरीत नापास झाले. मी भांडले. खिडकीवर हात आपटला, हे काय चाललंय, तुमचं नाव सांगा, तक्रार करीन, वगैरे. आणि तणतणत वर्गात निघून गेले. मॅडम चष्मा काढून माझ्या मागे आल्या. म्हणाल्या, "भांडलीस ते चांगलं केलंस. पण भांडून घरी गेलीस. आता खिडकीतल्याचं काय गेलं?" पुढे मी विद्यार्थी संघटनेत आले तेव्हा वर्षभर मोर्चे काढल्यावर मला जे कळलं असतं, ते मला त्या शनिवारी फुकट मिळालं होतं.

तेजल भांडली नाही. सर्व्हर डाऊन म्हटल्यावर तिने खिडकीखाली फतकल मारली. म्हणाली, "होऊ दे चालू. मी हाय हितंच." मॅडमनी आतून डोकं बाहेर काढून बघितलं. तेजल टोपलीपुढे बसावं तशी बसली होती, गिऱ्हाईक येईपर्यंत उठायचंच नाही अशी.

आता पालकसभेचं सांगते. प्राचार्य पालकसभा घेत ती महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. किनाऱ्यावरच्या गावांतलं सहसा कोणी येत नसे. प्राचार्य माईकवरून सांगत, या लोकांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलंच नाही. आम्ही मुलं समोर बसून ऐकायचो. तेजल नखं बघत बसायची.

मॅडम पहिल्यांदा तेजलच्या आईला बाजारात भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, सभेला का येत नाही? आई म्हणाली, उधाणाला कोन घरी असतंय? मॅडमना कळलं नाही, कारण माकुणसारच्या वाडीत पाण्याची पाळी माहीत, समुद्राची नाही. तिथेच टोपलीशी बसून त्यांनी समजून घेतलं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती, पाण्याला ओढ असते, जाळी लावायचे दिवस ते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी मंद, जाळ्यात काही येत नाही, होड्या घरी. प्राचार्यांचा शनिवार कधी उधाणात पडायचा, कधी भांगात. समुद्र काही दुसरा शनिवार पाळत नाही.

त्या महिन्यापासून आमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात तारखेच्या खाली मॅडम 'भांग' किंवा 'उधाण' लिहायला लागल्या. इतर शिक्षक हसायचे. बाईंनी पंचांग काढलं म्हणायचे. मॅडमनी आपली वेगळी पालकसभा भांगाच्या दिवशी, प्रयोगशाळेत, परवानगी न मागता घेतली. परवानगी मागायची तर जिना चढून प्राचार्यांकडे जावं लागलं असतं. दांडीचे बाप आले, आया आल्या, एक आजोबाही आले. बसायला स्टुलं पुरली नाहीत.

आम्हाला वाटलं, मॅडम आता अभ्यास, टक्के, मोबाईल यावर बोलतील. त्यांनी तेजलच्या आईला विचारलं, ही रत्नागिरीला गेली तर बोंबील वलांडीवर कोण चढवणार? वलांडी म्हणजे किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या रांगा. शाळेआधी आणि शाळेनंतर ते काम तेजलचं होतं. आईला राग आला. म्हणाली, मॅडम, तुमी पोरीला पाठवायला सांगता का घरी ठेवायला?

"पाठवायलाच," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर आत्ता विचारते. हे आज नाही ठरलं तर जुलैमध्ये ठरेल, आणि जुलैमध्ये काय ठरतं ते मला माहितीये."

मग आईने सांगितलं, धाकट्या जावेला विचारू, तिलाही चार पैसे होतील. बाबांनी मान हलवली. माझ्या मते तेजलचा कॉलेजप्रवेश त्या स्टुलांवर झाला. पुढचे सगळे अर्ज नंतरचे. मुलीला का पाठवत नाहीत यावर भाषणं देणारे मी पुष्कळ ऐकले. बोंबील कोण चढवणार, हे विचारणारं मात्र एकच माणूस भेटलं.

आणि मग तो जून.

अकरावीला तेजल आणि सूरज दोघंही काठावर पास झाले होते. आमच्या कॉलेजला त्या वर्षी बारावीचा निकाल शंभर टक्के आणायचा होता. शंभर टक्के आणायचे दोन मार्ग असतात. एक, मुलांना शिकवणं. दुसरा स्वस्त पडतो. काठावरची मुलं बारावीच्या हजेरीपटावर येऊच द्यायची नाहीत. आईबापांना बोलावायचं, मुलीला झेपणार नाही, नापास झाली तर गावात नाव खराब होईल, बाहेरून बसवा, असं गोड आवाजात सांगायचं, आणि आधीच टाईप केलेल्या अर्जावर सही घ्यायची. अर्जात लिहिलेलं असतं, घरगुती कारणास्तव कॉलेज सोडल्याचा दाखला मिळावा. बाहेरून बसायचं म्हणजे प्रात्यक्षिकं नाहीत, म्हणजे विज्ञान सुटलं. विज्ञान सुटलं की रत्नागिरी गेली, फार्मसी गेली, सूरजचं तिसरं उत्तरसुद्धा गेलं.

मॅडमना हे कळलं दुपारी, कारण तेजलच्या बाकावर मी एकटी होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तास अर्धवट सोडून त्या बाहेर गेल्या आणि मला नळाचा आवाज ऐकू आला.

संध्याकाळी आम्ही दोघी रिक्षाने दांडीला गेलो. रस्ताभर मॅडम बोलत होत्या. मला परत बोलावणार नाहीत. खोलीचं भाडं आहे. माकुणसारला काय सांगू. मध्येच पर्स उघडून बघायच्या. मला वाटलं, या आता रिक्षा वळवायला सांगतील. मी मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोलून घेतलं. रिक्षा वळली नाही.

तेजल ओट्यावर बसली होती, दप्तर अजून खांद्याला. आई म्हणाली, "सर बोलले, पोरीचा भला व्हावा म्हनून सांगतो. एवढा मोठा मानूस, आमी नाय कसा बोलनार?" बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, सही केली ती परत घेता येते काय?

"येते," मॅडम म्हणाल्या. "दाखला हातात घेतला नाहीत ना? मग येते. पण तुम्हाला उद्या यावं लागेल. दोघांना." मग पर्स बंद करत, "मी पण येते."

प्राचार्यांनी वर्षात एकदा जरी समुद्राकडे बघितलं असतं तर हे काम त्यांनी जूनमध्ये काढलं नसतं. जूनमध्ये मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, आणि गावातला प्रत्येक बाप घरी. मंगळवारी सकाळी तेजलला घेऊन तिचे आईबाबा आले, त्यांच्यासोबत काका, शेजारी, आणि काही काम नव्हतं म्हणून आलेलेही बरेच. मी दारात उभी राहून सगळं ऐकलं. कोणी मला जा म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी गेले नसते.

मॅडमनी आधी हात धुतले. मग आत गेल्या.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमचा आत्ता तास नाही का?"

"आहे, सर. हिच्याच वर्गावर. ही वर आली की घेते."

पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. प्राचार्य म्हणाले, पालकांनी स्वतः अर्ज केलाय, घरगुती कारण आहे, त्यात आपण कसं पडणार. मॅडम तेजलच्या आईकडे वळल्या आणि विचारलं, घरात काय कारण आहे?

"घरात काय कारन नाय," आई म्हणाली. "सर बोलले म्हनून सही केली."

प्राचार्यांचा गोड आवाज संपला. त्यांनी मॅडमकडे बोट केलं. "आणि ही नापास झाली तर? तुम्ही घेणार जबाबदारी?"

हाच प्रश्न वर्षभर विचारून विचारून त्यांनी आम्हाला रडवलं होतं.

"नापास झाली तर नापास होईल, सर," त्या म्हणाल्या. "इथे होईल. पुन्हा बसेल. पण परीक्षेच्या आधीच तिला नापास करायचा अधिकार आपल्याला नाही."

यावर तेजलच्या बाबांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसले. "आमी बसतो," ते म्हणाले. "सध्या काम नाय." बाहेर व्हरांड्यात बाकीचेही बसले. कोणी घोषणा दिली नाही. एकाने तंबाखूची डबी काढली. जेवणाच्या सुट्टीच्या आधी अर्ज परत मिळाला आणि तेजल दप्तर घेऊन वर आली.

त्याच दुपारी मॅडम सूरजच्या खोलीवर गेल्या. त्याच्या वडिलांनी सोमवारी रात्रपाळीवरून परस्पर येऊन सही केली होती आणि दाखला त्याच वेळी हातात घेतला होता. मॅडमनी आपल्या हिंदीत पुष्कळ समजावलं. ते म्हणाले, "मैडम, इतने बड़े साहब हैं, कुछ सोचकर ही बोले होंगे. और फिर से छुट्टी कौन देगा मुझे?" भांगाच्या दिवशी होड्या घरी येतात. कंपनीच्या पाळीला भांग नसतो. सूरज आता बोईसरच्याच कारखान्यांच्या पट्ट्यात एका कंपनीत पॅकिंगला आहे, कंत्राटावर, वडिलांसारखाच. बाहेरूनची परीक्षा त्याने दिलीच नाही. शिफ्टमध्ये बसत नव्हती.

आता जे सांगते ते आमच्या पत्रकात घ्यायला काही जणांचा विरोध होता. तेजल बारावीला नापास झाली. फिजिक्समध्ये. प्राचार्यांचं म्हणणं खरं ठरलं, त्यांचे शंभर टक्के हुकले. निकालाच्या दिवशी मॅडमनी तिला फोन केला, ओरडल्या नाहीत, धीरही दिला नाही, फक्त पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत सांगितली. तेजल पुरवणीत सुटली, एक वर्ष गेलं, पुन्हा सीईटी दिली, आणि आज रत्नागिरीला आहे. बोंबील धाकटी काकी चढवते. नापास होण्याचा हक्क मिळाला म्हणून ती तिथे आहे. सूरजला तो मिळाला नाही. हे पत्रकातून गाळायचं असेल तर पत्रक काढूच नका, असं मी बैठकीत सांगितलं.

मॅडमना कोणी काढलं नाही. तासावरच्या माणसाला काढावं लागत नाही. पुढच्या जूनमध्ये फोन आला नाही, एवढंच.

त्या आता उमरोळीला खोली घेऊन शिकवण्या घेतात. मागच्या महिन्यात गेले होते. त्यांनी दार उघडायच्या आधी आतून दोनदा विचारलं कोण आहे. मी नवं पत्रक दिलं. त्यांनी पेन काढलं, कोऱ्या कागदावर चालवून बघितलं, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि पत्रक परत दिलं. म्हणाल्या, "'जाहीर निषेध' तीनदा आलंय. वाचणाऱ्याने करायचं काय, ते एकदाही नाही."

म्हणून वाचणाऱ्याने काय करायचं ते लिहिते. येत्या निकालाच्या दिवशी तुमच्या गावातल्या ज्या कॉलेजच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फलक लागेल, त्या फाटकातून आत जा. पेढा घेऊ नका. हीच मुलं अकरावीत होती तेव्हा वर्गात आणखी कोण कोण होतं ते विचारा, आणि त्यातलं एकेक आज कुठे आहे ते नावानिशी सांगायला लावा.